मांजराचे दात: दुखणं ओळखण्यापासून दाढ काढल्यानंतरच्या काळजीपर्यंत

"खातंय की व्यवस्थित, मग दात कसे दुखत असतील?" मांजर पाळणाऱ्यांकडून हे इतक्या वेळा ऐकलंय की सुरुवात तिथूनच करते. दात दुखत असला तरी मांजर खातं. हिरडीतून रक्त येत असतानाही खातं, दाढ मुळापाशी पोखरलेली असली तरी खातं. दातामुळे मांजराने जेवण पूर्ण टाकलं, तर ते दुखणं बहुतेक वेळा काही महिन्यांचं जुनं असतं. त्यामुळे खातंय का, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. कसं खातंय ते बघायचं.

आधी जेवताना बघा

वाटीत कोरडं खाणं घाला आणि जरा लांब बसा. शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर अंग चोरून बसतं आणि काहीच दाखवत नाही. दात दुखणारं मांजर साधारण असं वागतं: वाटीपाशी धावत येतं, हुंगतं, एक दाणा उचलतं, मान तिरपी करून एकाच बाजूने चावायला बघतं आणि दाणा तोंडातून खाली पडतो. कधी चावता चावता एकदम दचकून मागे उडी मारतं, वाटीकडे बघून गुरगुरतं, पंजाने गाल ओरबाडतं आणि पलंगाखाली पळतं. दहा मिनिटांनी भूक लागते, परत वाटीपाशी हजर. घरात याला 'नखरे' म्हणतात आणि खाण्याचा ब्रँड बदलून बघतात.

काही मांजरं न चावता दाणे सरळ गिळायला लागतात. उलटीत अख्खेच्या अख्खे दाणे दिसतात ते त्यामुळेही असू शकतं. पण निरोगी मांजरंही घाईत असं करतात, म्हणून या एकट्या लक्षणावरून काही ठरवू नका. सोबत आणखी काय दिसतं ते बघा. अंग चाटणं कमी झालंय का? पाठीवर, शेपटीच्या बुंध्याशी केसांच्या गाठी झाल्यात का? हनुवटी ओली राहते का, पुढच्या पायांवर लाळेचे तपकिरी डाग आहेत का? एरवी गाल खाजवून घेणारं मांजर आता हात पुढे केला की डोकं मागे घेतं का?

वजनही करत जा. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. महिन्यातून एकदा पुरे. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन घटणं म्हणजे दहा टक्के घट. डोळ्यांना ते जाणवतही नाही, विशेषतः केसाळ पर्शियनमध्ये.

आणि वास. "मांजराच्या तोंडाला वास येणारच" हे खरं नाही. मासे खाल्ल्यावर थोडा वेळ येईल, पण रोजचा सडका वास म्हणजे तोंडात जंतू माजलेत. वास लघवीसारखा, अमोनियाचा असेल आणि मांजर पाणीही जास्त पीत असेल, तर दातांआधी मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या.

तोंड उघडून बघण्याआधी दोन इशारे

एक, मांजर रस्त्यावरचं किंवा लस न दिलेलं असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, वागणं किंवा आवाज बदललेला असेल, तर त्याच्या तोंडात बोट घालू नका. रेबीजची शक्यता असते. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीजचा प्रश्न नसला तरी मांजराचा चावा वरून बारीक दिसतो, आत मात्र खोल असतो आणि बऱ्याचदा चिघळतो.

दोन, तोंडात किंवा जिभेखाली दोरा अडकलेला दिसला तर ओढू नका. दुसरं टोक आतड्यात असू शकतं आणि ओढताना आतडं कापलं जातं. आहे तसंच मांजराला दवाखान्यात न्या. शिवणकामाचा दोरा, संक्रांतीनंतरचा मांजा, राखीचा गोंडा, मांजरं यातलं काहीही गिळतात.

तोंड कसं तपासायचं

मांजर झोपाळलेलं असताना, खिडकीच्या उजेडात. त्याच्या समोर बसू नका. मांजराचं तोंड तुम्ही बघता त्याच दिशेला, म्हणजे पाठ तुमच्या पोटाशी येईल असं घ्या. डावा तळहात डोक्यावर ठेवा, अंगठा आणि बोट दोन्ही गालांच्या हाडांवर. आता दुसऱ्या हाताच्या बोटाने एका बाजूचा ओठ वर आणि मागे सरकवा. तोंड उघडायची गरज नाही, बरंच काही मिटल्या तोंडीच दिसतं. दोन सेकंद बघा, सोडा, खाऊ द्या. मग दुसरी बाजू.

मोठ्या मांजराला 30 दात असतात, वर 16 आणि खाली 14. पिल्लाचे दुधाचे 26. समोर बारीक कण्यांएवढे दात, मग चार सुळे, मग मोकळी जागा आणि त्यामागे दाढा. वरच्या बाजूची सगळ्यात मोठी दाढ नीट बघा, किटण आधी तिथेच चढतं. खालच्या जबड्यात सुळ्यामागची मोकळी जागा संपली की येणारी पहिली दाढही लक्षात ठेवा, तिच्याबद्दल पुढे येतंच.

हिरडी गुलाबी हवी. केशरी मांजरांच्या ओठांवर, हिरड्यांवर काळे ठिपके येतात, ते बहुतेक वेळा साधे रंगाचे ठिपके असतात. मात्र फुगीर किंवा झपाट्याने वाढणारा डाग दाखवून घ्या. हिरडी पांढरी फटक किंवा पिवळी दिसली तर प्रश्न दातांचा नाही, रक्ताचा किंवा यकृताचा आहे. त्याच दिवशी दाखवा.

शेवटी, मांजर करू देत असेल तरच, खालच्या समोरच्या दातांवर बोट टेकवून जबडा हलकेच खाली करा. घशाजवळ, जबडे मिळतात त्या कोपऱ्यात लाली आहे का बघा. जीभ वर करायची असेल तर बाहेरून, हनुवटीखालून अंगठ्याने दाबा.

दिसलं ते काय आहे

दाताला लागून हिरडीवर बारीक लाल रेघ दिसली तर ती सूज आहे. दातावर जंतूंचा चिकट थर रोज बसतो आणि काही दिवसांत लाळेतल्या क्षारांनी त्याचं कडक, पिवळट-तपकिरी किटण होतं. या टप्प्यावर साफसफाई केली तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष केलं की सूज हिरडीखाली उतरते, दात धरून ठेवणारं हाड झिजतं, हिरडी खाली सरकते, दात हलतो. झिजलेलं हाड परत येत नाही. एक गोष्ट मात्र विचित्र आहे: किटणाचा ढीग असलेल्या दाताखाली हिरडी बरी असू शकते, आणि पांढऱ्याशुभ्र दाताचं मूळ गेलेलं असू शकतं. म्हणून किटण किती आहे यापेक्षा हिरडी किती लाल आहे ते महत्त्वाचं.

माणसासारखी कीड मांजराच्या दाताला लागत नाही. त्याऐवजी मांजरांचा एक खास आजार आहे, दात विरघळण्याचा. डॉक्टर त्याला टूथ रिसॉर्प्शन म्हणतात. शरीराच्याच पेशी दाताचा कठीण भाग मुळापासून खायला लागतात. मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या मांजरांत हा अतिशय सामान्य आहे, नेमकं कारण सापडलेलं नाही आणि ब्रशने तो टळत नाही. सुरुवात बऱ्याचदा त्या खालच्या पहिल्या दाढेपासून होते. ओठ बाजूला केला की दाढेच्या मुळाशी हिरडीचा लालबुंद ठिपका दातावर चढलेला दिसतो. जणू हिरडीने दातावरची खळगी झाकून टाकली आहे. त्या जागी डॉक्टरांनी सळई टेकवली की जबडा थरथर कापतो, कधी कधी भूल दिलेली असतानाही. आत नस उघडी असते.

यात सिमेंट भरून दात वाचवता येत नाही, काढावाच लागतो. पण कसा, हे एक्स-रे बघूनच ठरतं. मूळ शाबूत असेल तर मुळासकट काढतात. मूळ हाडात विरघळून एकजीव झालं असेल, तर वरचा भाग कापून हिरडी शिवून टाकतात. एक्स-रे न काढता दाढ उपटायला गेलं की मूळ तुटून आत राहतं आणि मांजराचं दुखणं चालूच राहतं. डॉक्टर निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न हा: "तुमच्याकडे दातांचा एक्स-रे आहे का?" छातीच्या एक्स-रेचं मोठं मशीन या कामाला फारसं उपयोगी नाही. तोंडाच्या आत बसणारी छोटी प्लेट लागते.

दुसरा मोठा आजार तोंड पेटण्याचा, स्टोमाटायटिस. यात फक्त दातालगतची हिरडी नाही, तर घशाजवळचे दोन्ही कोपरे लालभडक, मांसल, रक्ताळलेले दिसतात. मांजर जांभई देतानाही किंचाळतं, लाळेला रक्ताचा रंग असतो, भूक असून वाटीसमोर नुसतं बसून राहतं. दातांवरच्या जंतूंना शरीर अवास्तव प्रतिसाद देतं, असं याचं साधारण स्वरूप, आणि बऱ्याच मांजरांत कॅलिसिव्हायरसही सापडतो. एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या विषाणूंची तपासणी आधी करून घ्यावी.

इथे माझं मत ठाम आहे. स्टोमाटायटिसमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की मांजर दोन दिवसांत जेवायला लागतं, सगळे खूश होतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दर वेळी परिणाम कमी काळ टिकतो, आणि वारंवारच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडने मांजराला मधुमेह होऊ शकतो. आजवरचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे सगळ्या दाढा, गरज पडली तर सगळेच दात, मुळासकट काढणं. ऐकायला क्रूर वाटतं. पण साधारण दोन तृतीयांश मांजरांना त्याने चांगला आराम पडतो. काहींना तो यायला काही महिने लागतात, उरलेल्यांना औषधं चालू ठेवावी लागतात. बिनदाताचं मांजर ओलं खाणं मजेत खातं, बरीचशी कोरडे दाणेही गिळतात.

तुटलेला सुळा शहरांत फार दिसतो, कारण मांजरं गॅलरीतून, खिडकीतून पडतात. मांजराच्या सुळ्यात नस जवळजवळ टोकापर्यंत आलेली असते, त्यामुळे जरासं टोक उडालं तरी ती उघडी पडू शकते. मध्यभागी लाल किंवा काळा ठिपका दिसला तर थांबू नका. दात काढणं किंवा रूट कॅनाल, हे दोनच पर्याय. उंचावरून पडलेल्या मांजराची टाळू आणि जबड्याचा सांधाही बघून घ्या, आणि गॅलरीला जाळी लावा.

डोळ्याच्या खाली अचानक सूज आली तर बहुतेक वेळा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झालेला असतो. म्हाताऱ्या मांजराच्या तोंडात एकाच बाजूला गाठ, न भरणारी जखम, किंवा बाकी तोंड बरं असताना एकच दात हलायला लागला, तर तुकडा काढून तपासायला सांगा. तोंडाचा कर्करोग मांजरांत असतो आणि तो झपाट्याने वाढतो.

पिल्लांचं थोडक्यात: साधारण साडेतीन ते सहा महिन्यांत दात बदलतात, पडलेले दात पिल्लू गिळून टाकतं, हिरडी थोडी लाल होते. काळजी नको. सहा महिन्यांनंतर दुधाचा सुळा आणि नवा सुळा शेजारी-शेजारी दिसत असतील तर नसबंदीच्या भुलेतच दुधाचा काढून घ्या. दात येऊन गेल्यावरही हिरड्या लालच राहिल्या तर लवकर दाखवा.

डॉक्टरकडे काय विचारायचं

नुसतं किटण खरवडून देणारी, बिनभुलेची सफाई स्वस्त पडते आणि दात चमकतात. ती करू नका. आजार हिरडीच्या खाली असतो, आणि जागं मांजर तिथे हत्यार घालू देत नाही. दात वरून पांढरे झाले की मालक निर्धास्त होतो, हे उलट वाईट. योग्य सफाई म्हणजे पूर्ण भूल, श्वासनलिकेत नळी, प्रत्येक दाताभोवती हिरडी किती खोल सुटली आहे त्याचं माप, एक्स-रे, हिरडीखालचं किटण खरवडणं (स्केलिंग) आणि शेवटी पॉलिश.

"म्हातारं आहे, भूल झेपेल का?" वय हा आजार नाही. भुलेआधी रक्ततपासणी करा, त्यात मूत्रपिंड आणि यकृत हवंच. वय जास्त असेल किंवा हृदयातून वेगळा आवाज येत असेल तर हृदयाची सोनोग्राफी. नळी घालणार का, सलाइन लावणार का, अंग गरम ठेवायची सोय काय, जबड्यात बधिर करण्याचं इंजेक्शन देणार का, हे विचारा. आणखी एक विचारायचं, जे फारसं कोणी विचारत नाही: तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचं साधन वापरता का? जबडा जोराने ताणून ठेवला तर मेंदूचा आणि डोळ्यांचा रक्तपुरवठा दबतो आणि मांजर भुलेतून उठल्यावर आंधळं झाल्याच्या नोंदी आहेत. जाणते डॉक्टर ते टाळतात.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या: रक्ततपासणी, भूल, एक्स-रे, दर दातामागे किती. किती दात निघतील हे एक्स-रेशिवाय सांगता येत नाही, म्हणून कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे मागा. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जाण्याआधी दातांच्या शस्त्रक्रियेची सोय आहे का, कोणत्या दिवशी, ते विचारून घ्या.

आणि फक्त अँटिबायोटिकचा कोर्स देऊन परत पाठवलं तर तो उपचार नव्हे. पू असेल तेव्हा औषधाची मदत होते, पण खराब दात जागेवर असेपर्यंत दुखणं परत येणारच.

भुलेचा दिवस आणि नंतरचे दोन आठवडे

किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तसंच करा. पिल्लांना आणि मधुमेही मांजरांना लांब उपास चालत नाही. फार घाबरणाऱ्या मांजरासाठी घरून निघण्याआधी द्यायची शांत करणारी गोळी आधीच लिहून घ्या.

घरी आणल्यावर एक बंद, उबदार खोली, जमिनीवर गादी, उडी मारायला काही नको. पहिल्या रात्री थोडं गुलाबी पाणी लाळेत दिसेल. थेंब थेंब ताजं रक्त पडत राहिलं तर फोन करा. टाके आपोआप विरघळतात, साधारण दोन आठवडे मऊ खाणं. पाऊचमधलं ओलं खाणं कोमट करून, किंवा उकडलेलं चिकन, काटे नीट काढलेला मासा, मिक्सरमधून पातळ करून. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, त्यामुळे रश्श्यातले तुकडे धुऊन देणं हाही उपाय नाही.

चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जीवावर बेततं.

औषधांचं नीट वाचा. पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका, अर्धी नाही, पाव नाही. एका गोळीने मांजर मरू शकतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन हेही नाही. लवंगतेल आपल्या दाताला चालतं, मांजराला विषारी आहे. तुरटी, हळद-मीठ, माणसाची टूथपेस्ट, माउथवॉश काहीही लावू नका. डॉक्टरांनी दिलेलं मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक थेंबागणिक मोजून द्या, आणि मांजर खात-पीत नसेल तर विचारल्याशिवाय पुढचा डोस नको. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी कोरडी भरवू नका. ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. मागोमाग सिरिंजने थोडं पाणी किंवा चमचाभर ओलं खाणं हवंच.

ब्रश

तोंड दुखत असताना सुरू करू नका, मांजर ब्रश आणि वेदना यांची गाठ कायमची घालून ठेवतं. सफाईनंतर डॉक्टरांनी हो म्हटलं की सुरुवात. पहिला आठवडा नुसतं गालाला बोट आणि लगेच खाऊ. मग बोटाला ट्यूनाचं बिनमिठाचं पाणी लावून ओठाच्या आत एक फेरी. मग बोटाला गुंडाळलेलं ओलं सुती फडकं. मग लहान मुलांचा मऊ ब्रश, सोबत मांजरांसाठीचीच पेस्ट, ती गिळायला चालते. फक्त बाहेरची बाजू, हिरडीच्या रेघेवर हलकेच, एका बाजूला पंधरा सेकंद. आतली बाजू जीभ सांभाळते. रोज जमलं पाहिजे, कारण आठवड्यातून एकदा घासण्यापर्यंत किटण कडक झालेलं असतं.

काही मांजरं मेली तरी ब्रश घेत नाहीत. त्यांच्यासाठी मोठ्या, तंतुमय दाण्यांचं दातांचं खाणं मिळतं. पाकिटावर व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मान्यता आहे का बघून घ्या, नुसतं 'डेंटल' लिहिलेलं पुरेसं नाही. दात साफ होतील म्हणून शिजवलेली हाडं किंवा सुके बोंबील देऊ नका. हाडाने दात तुटतात, आणि बोंबलातल्या मिठाने मूत्रपिंड बिघडलेल्या मांजराचे हाल होतात. सगळ्या दाढा काढल्या असतील तर उरलेल्या सुळ्यांपुरताच ब्रश, आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तोंड बघून घेणं, मांजर सात-आठ वर्षांचं झालं की वर्षातून दोनदा.